बरं हाणलं, मामा

बंकटमामाचा राग मोजायला आमच्या दिंद्रुडात वेगळं यंत्र लागत नाही. तो तुम्हाला काय म्हणून बोलवतो, तेवढं ऐकायचं. ‘का बे’ म्हणाला तर माया आहे, खुशाल शेजारी टेकावं. ‘तू’ म्हणाला तर सगळं नेहमीसारखं. ‘तुमी’वर आला तर आपलं काहीतरी चुकलंय, आठवून बघावं. आणि ‘आपण’ म्हणाला तर चप्पल हातात घेऊन निघावं. बसस्टँडवर मोबाइलचा आवाज मोठा करून बसलेल्या पोराजवळ जाऊन तो अगदी मऊ आवाजात विचारतो, “आपण कोणाचे?” पोरगं बापाचं नाव सांगतं. मग मामा त्या बापाच्या लहानपणातली, चारचौघांत सांगू नये अशी एक गोष्ट चारचौघांत सांगतो. मोबाइल बंद होतो.

माणूस सत्तरीला टेकलेला. जन्म गेला मेंढरांमागं. दिवाळी झाली की कळप घेऊन बालाघाटाचा डोंगर उतरायचा, गोदाकाठानं हिंडायचं आणि मिरगाला घरी यायचं, अशी चाळीस वर्षं काढली. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली. आता दारात पाच शेळ्या आहेत आणि पाचींशी तो ‘बे’वर आहे.

ज्याचं आयुष्य दुसऱ्याच्या रानातून वाट मागण्यात गेलं, त्याला बोलायची रीत शिकावीच लागते. “पाव्हणं, बांधावरून नेऊ का?” असं विचारल्याशिवाय मामाचं एक कोकरू कधी पुढं गेलं नाही. शेतकरी त्याला आग्रहानं बोलवायचे. मेंढरं रानात बसली की खत होतं, म्हणून ज्वारी द्यायचे, भाकरी द्यायचे. आणि त्याच गावात एखादी वस्तू हरवली की पहिली झडती मेंढक्यांच्या तळावर यायची. गंगाथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, एका गावात पितळी हंडा गेला, तर मामाला दुपारभर लिंबाला बांधून ठेवलं होतं. हंडा संध्याकाळी मालकिणीच्या माहेरी निघाला. तिनंच धाडला होता.

“मंग?” आम्ही एकदा विचारलं.

“मंग काय, सोडलं. ताक पाजलं.”

“चुकलो म्हणले का न्हाई?”

“ताक पाजलं म्हणलं ना बे.”

एवढ्यावर तो विषय मिटायचा. म्हणजे आम्हाला वाटायचं, मिटला.

गेली दोन वर्षं मामाची भटकंती पुन्हा सुरू झाली आहे, पण बसनं. चतुरामामीच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दिंद्रुडहून परळी, परळीहून अंबाजोगाई, तिथं दवाखान्यात चार तास मशीन. त्या मशीनसाठी मामीच्या डाव्या हातात शीर जोडून ठेवली आहे. नर्सबाईंनी मामाला पहिल्याच दिवशी समोर उभं करून सांगितलं, या हाताला धक्का नको, दाब नको, पिशवीसुद्धा नको. हा हात बिघडला तर दुसरी चांगली शीर शोधणं अवघड आहे. तेव्हापासून मामाच्या घरातलं देवघर म्हणजे मामीचा डावा हात. म्हणून बसमध्ये मामीला डाव्या बाजूची खिडकीच पाहिजे. हात खिडकीकडं, माणसं पलीकडं.

आता सीट धरायची आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. बस पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की ती जागा त्या माणसाची. मग तो सावकाश उसाचा रस पिऊन आला तरी चालतं. रुमाल नसला तर टोपी, वही, वांग्याची पिशवी. एका म्हाताऱ्यानं घाईत कवळी टाकली होती असं सांगतात, तिच्या शेजारीसुद्धा कुणी बसलं नाही. पण अलीकडं रुमाल कुणी पाळीना, तेव्हा मामानं घोंगडी टाकायला सुरुवात केली. काळी, जाड, हातविणीची. वजनानं दोन सीटा धरायची आणि वासानं तिसरी. मशीनवर मामीला थंडी वाजते, तेव्हा तीच घोंगडी तिच्या अंगावर असते. शिवाय मेंढक्याच्या घरात घोंगडीचा मान वेगळा. पाहुणा आला की बसायला घोंगडी अंथरायची, देवाचं काही मांडायचं तर घोंगडीवर. चप्पल घालून तिच्यावर पाय द्यायचा नसतो. हे लहान लेकरालाही कळतं.

‘अलीकडं’ म्हणालो खरं, त्याचाही हिशोब सांगून टाकतो. गावाबाहेर सिमेंट रस्त्याचं काम सुरू झालं आणि शंभर-दीडशे बाहेरची माणसं आली. कोणी झारखंडचं, कोणी ओडिशाचं. पण दिंद्रुडच्या भूगोलात नागपूर ओलांडलं की बिहार लागतो. ही माणसं आल्यापासून गावाची फार मोठी सोय झाली. स्टँडच्या भिंतीवर पिचकारी दिसली, बिहारी. नळावरची रांग मोडली, बिहारी. मुतारीचं दार गेलं, बिहारी. ते दार मी सातवीत असताना गेलेलं आहे. रस्त्यावरची माणसं तंबाखू मळून ओठात धरतात, आणि आमची भिंत तर लाल आहे. हे दिसायला डोळे पुरतात, पण म्हणायला तोंड लागतं, आणि आमच्या तोंडात गुटखा.

या विषयातले आमच्याकडचे मोठे जाणकार म्हणजे धर्मराज. प्लॉटिंगचा धंदा, पांढरे कपडे, पांढरे बूट. स्टँडवर त्याच्या वाढदिवसाचा बॅनर आहे, हात जोडून हसणारा. वाढदिवस फेब्रुवारीत झाला, बॅनर अजून शुभेच्छा घेतोय. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी तो लिहितो, ‘बाहेरचे लोंढे आले आणि आपल्या गावाची संस्कृती गेली.’ खाली पन्नास जण हात जोडतात. मीही जोडलेत. माझ्या प्लॉटचे कागद त्याच्याकडं अडकले आहेत.

त्या मंगळवारी धर्मराजची गाडी गॅरेजला होती, म्हणून तोही स्टँडवर आला. सव्वाआठची माजलगाव-परळी आली ती भरूनच, दिंद्रुडात उतरणाऱ्यांच्या पाच-सहा जागा मोकळ्या झाल्या तेवढ्याच. मामानं तिसऱ्या खिडकीतून घोंगडी टाकली. दारात रेटारेटी सुरू झाली, तेव्हा तो मामीला म्हणाला, “तू हितंच खिडकीखाली थांब. हाताला धक्का बसंल. मी वाट करतो आन् मंग तुला घेतो.” मामी खिडकीखाली थांबली. मी कोपरं चालवून आत घुसलो आणि उजव्या बाजूला वाटेकडची एक जागा मिळवली. माझ्या पुढं धर्मराज घुसला होता.

धर्मराजनं तिसऱ्या सीटवरची घोंगडी दोन बोटांनी उचलली, मेलेलं मांजर उचलावं तशी, आणि मधल्या वाटेत टाकली. मग खिडकीशी बसला आणि मोबाइल काढला. शेजारची जागा मागून आलेल्या एकानं धरली. मागून चढणारे चार-सहा जण घोंगडीवरून चालत गेले.

पुढच्या दांड्याला धरून एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल. अंगात रस्त्याच्या कामाचं पिवळं जाकीट, खांद्याला पिशवी. तो आधीच्या थांब्यावर चढला असावा. त्यानं हात आडवा करून मागच्यांना थांबवलं, खाली वाकला आणि घोंगडी उचलली. बुटांची माती तळहातानं झटकली. पायांच्या त्या गर्दीत उभ्याउभ्या तिची नीट चौपदरी घडी घातली, आणि घडी छातीशी धरून मालक कोण ते बघत राहिला.

तेवढ्यात मामा वर आला. त्याला दिसलं ते असं: खिडकीत धर्मराज, आणि घोंगडी एका पिवळ्या जाकिटाच्या हातात.

धर्मराजनं मोबाइलमधून मान वर केली नाही. “मामा, ह्या बिहाऱ्यानं ओढली बघा तुमची घोंगडी. मी आलो तवा सीट मोकळीच व्हती.”

“बाबा, ये आपका...” एवढंच तो माणूस म्हणाला.

मला वाटलं, मामा आता ‘आपण’ म्हणेल. पण सरळ हात चालला. जन्मभर मेंढरं उचललेल्या माणसाचा हात, सबंध बसला ऐकू आला. त्या माणसाला गालाला हात लावता आला नाही, कारण दोन्ही हातांत घोंगडी होती.

“बरं हाणलं, मामा,” मागून कोणीतरी म्हणालं.

“लई माजलेत साले,” दुसरं कोणी म्हणालं.

मी सगळं पाहिलं होतं. माझ्या आजूबाजूच्या वीसेक जणांनी पाहिलं होतं. मी पेपर उघडला. तो कालचा होता.

कंडक्टर राधाकिशननं मामीला हळूहळू वर घेतलं. दोन पायऱ्या चढून तिला दम लागला होता. तिनं आधी त्या माणसाचा गाल पाहिला, मग मामाचा हात पाहिला.

“कुणाला हाणलं तुमी?”

“ह्यानं घोंगडी...”

“मी खिडकीखालीच उभी व्हते.” ती थांबली, श्वास घेतला. “फेकली त्या धर्मराजानं. तुडवली ह्या सगळ्यांनी. ह्यो उचलत व्हता. तुमी उचलणाऱ्याला हाणलं.”

मामा त्या घडीकडं बघत राहिला. गंगाथडीच्या त्या गावातला दोर इतकी वर्षं त्याच्या मनगटाला होता. आज दोराचं दुसरं टोक त्याच्याच हातात निघालं होतं. म्हातारा एवढा बारीक झालेला मी कधी पाहिला नव्हता. पण ते क्षणभरच. मग तो धर्मराजकडं वळला.

“आपण उठावं.”

“मामा, तिकीट काढतोय मी. घोंगडीचा काय कायदा हाय का? आन् गर्दी कावून झाली ते बघा की. हे दीडशे लोक आले नसते तर मामीला झोपून जाता आलं असतं.”

दोघं-तिघं हसले. मामानं त्यांना हसू दिलं. मग बोट पुढं करून तो मोजायला लागला, मेंढरं मोजायचा तसा, दोन-दोनाच्या जोडीनं, पुढून मागपर्यंत. बस चालू होती, तो हेलकावे खात होता, पण आकडा चुकला नाही.

“बसलेली चव्वेचाळीस,” तो म्हणाला. “उभी सव्वीस. सत्तर झाली. त्यात बाहेरचा येक. एकोणसत्तर आपण हावत. ह्या येकानं सत्तर माणसांची गर्दी केली व्हय?”



“आपण पाह्यलं न्हाई?” त्यानं एकाला विचारलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. “आन् आपण?” दुसऱ्यानं मोबाइल कानाला लावला, जो वाजला नव्हता. मग मामा माझ्यापाशी आला. आयुष्यभर मला ‘का बे’ म्हणणारा माणूस. “आपण पेपर वाचताव,” तो म्हणाला. “काय आलंय?”

मी उठलो. त्या उठण्यात माणुसकी नव्हती, ‘आपण’चा चटका होता. मामी माझ्या जागेवर बसली. पण माझी जागा उजव्या रांगेतली, वाटेकडची. मामीचा डावा हात नेमका वाटेत आला, जिथून माणसं रेटत होती.

हे मामाच्या ध्यानात यायच्या आत त्या जाकीटवाल्याच्या ध्यानात आलं. मनगटाच्या वरची पट्टी त्याला दिसली असावी. त्यानं घोंगडी मामाच्या हातात दिली, पिशवी खाली ठेवली, मामीच्या बाजूला उभा राहिला आणि दोन्ही हात पुढच्या-मागच्या दांड्यांना लावून पाठीची भिंत केली. सिरसाळ्यात आणखी पंधरा जण चढले, त्याच्या पाठीवर आदळले. मामीच्या हाताला वारासुद्धा लागला नाही. त्याच्या गालावर चार बोटं उमटलेली होती आणि ती परळीपर्यंत तशीच दिसत राहिली. मी त्याच्या समोरच उभा होतो. तासभर मला दुसरीकडं कुठं बघायला जागा नव्हती.

राधाकिशन चांगला माणूस. त्यानं हळूच सुचवलं, “मामा, परळीत उतरल्यावर च्या पाजा त्याला. मिटून जाईल.”

“ताक पेलेला माणूस हाय मी,” मामा म्हणाला. “च्या पाजून मिटवायला सांगू नका.”

राधाकिशनला काही कळलं नाही.

परळीला बस थांबली. मामानं मामीला आधी उतरवलं, त्या माणसाला हाताला धरून उतरवलं आणि दाराच्या पायरीसमोरच, उतरणाऱ्यांच्या वाटेत, घोंगडी अंथरली.

“पाव्हणं, बसा.”

“बाबा, मेरी गाड़ी है। स्टेशन जाना है।”

“जाव. येक मिनिट बसके जाव.”

त्या माणसानं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि घोंगडीच्या कडेला बसला. मामा त्याच्यासमोर उभा राहिला, हात जोडून. मेंढरांमागं हिंडताना निजामाबादपर्यंत जाऊन उचललेली त्याची हिंदी होती, ती त्यानं काढली.

“मैं चुक्या. मेरेकू भी लोगां ऐसाच बांधे थे, झूटा नाम लगाके. मालूम हो के भी मैं तुमकू मार्या. अब तुम मारो.”

“अरे नहीं बाबा, छोड़िए। आप बड़े हैं।”

“नाम क्या?”

“बुधराम। गुमला से हैं, झारखंड।”

“घर में भेडां हैं?”

“बकरी है। पंद्रह ठो।”

“तरीच,” मामा मामीला म्हणाला. “तरीच घडी घातली.”

इकडं बसच्या दारात माणसं खोळंबली होती. पायरीवर सगळ्यांत पुढं धर्मराज. “मामा, सरका जरा. उतरू द्या.”

“उतरा की आपण,” मामा वळून म्हणाला, अगदी मऊ आवाजात. “सकाळी येकदा तुडवलीच हाय. आता तिच्यावर माणूस बसलाय, तेवढाच फरक हाय. द्या पाय.”

धर्मराजनं पाय उचलला आणि परत ठेवला. त्यानं मागं पाहिलं. सकाळी हसलेले दोघं-तिघं आता बुटांच्या लेसा बघत होते. तो गर्दीतून मागं सरकत ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेला आणि तिकडून खाली उडी मारली. पांढऱ्या पँटीला मांडीपर्यंत काळं ग्रीस लागलं. ड्रायव्हर ओरडला, “आवं शेठ, रीतसर दार हाय ना तिकडं.”

बुधराम उठला, घोंगडी झटकून परत तशीच घडी घालून मामाला दिली, आणि स्टेशनकडं पळत गेला. गाडी मिळाली का, ते आम्हाला कळलं नाही.

दवाखान्यातलं पुढचं मामीनं सांगितलं. नर्सबाईंनी तिचा डावा हात तपासला आणि ठीक आहे म्हणाल्या. तर मामानं स्वतःचा उजवा तळहात पुढं केला. “ह्यो बघा. ह्यो सुजलाय.” बाईंनी उलटसुलट करून पाहिला. “काहीच नाही बाबा.” “तुमाला दिसत न्हाई,” तो म्हणाला, आणि चार तास तो हात मांडीखाली दाबून बसला.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. ग्रुपवर धर्मराजनं लिहिलं होतं, ‘आजारी मामीची सीट बळकावणाऱ्या बिहाऱ्याला बंकटमामांचा दणका. आपल्या माणसाचा अभिमान आहे.’ खाली शंभर जणांनी हात जोडले होते. त्यांतले वीस तरी त्या बसमध्ये होते. मी त्याखाली काय घडलं ते सगळं लिहिलं, कोणी फेकली, कोणी उचलली, आणि मी पेपर कसा उघडला. चार मिनिटांत मला ग्रुपातून काढलं. प्लॉटचे कागद आता बहुतेक माझ्या नातवाला मिळतील.

तीन दिवस मामा जिथं जाईल तिथं लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. “बरं हाणलं, मामा.” न मागता चहा येत होता. तो कप उपडा करून ठेवायचा आणि पुढं जायचा. शुक्रवारी सकाळी तो मामीला घेऊन स्टँडवर आला, तर प्रवीण आणि पंडित हे धर्मराजचे दोन कार्यकर्ते शाल, नारळ आणि फोटो काढायला एक माणूस घेऊन उभे. बॅनरच्या खाली खुर्ची मांडलेली.

“मामा, बसा. तुमचा सत्कार हाय.”

“कशाचा?”

“हाणलं ना तुमी. गावाची इज्जत राखली.”

मामा खुर्चीकडं गेला. तिच्यावर त्यानं मामीला बसवलं. मग त्या दोघांकडं वळला. एवढा मऊ आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

“आपण शाल आणली, लई चांगलं केलं. पर सत्काराची घाई झाली. काम आर्धंच झालंय. चुकीच्या माणसाला हाणून झालंय. बरोबरचा राहिलाय. तो कुठं हाय, तेवढं आपण सांगा.”

शाल धरलेल्या प्रवीणची नजर नकळत वर गेली. पंडितची गेली. फोटोवाल्याची गेली. स्टँडवर जेवढी माणसं होती तेवढ्यांची गेली. वर धर्मराज हात जोडून हसत होता.

“कळलं का न्हाई,” मामा म्हणाला. “म्हंजी सगळ्यांला ठाव व्हतं.”

सव्वाआठची आली. मामानं तिसऱ्या खिडकीतून घोंगडी टाकली. त्या दिवशी तिच्या आसपास कोणी फिरकलं नाही. मामी खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती, तरी मामा बसला नाही. गुडघे गेलेला माणूस, दोन्ही हात पुढच्या-मागच्या दांड्यांना लावून वाटेत उभा राहिला.

“आवं, बसा की,” मामी म्हणाली.

“बसतो,” तो म्हणाला. परळीपर्यंत बसला नाही.